एक मोल

आज मध्यंतरात प्रेसिडेंटबाईंना
कोर्टाच्या मधोमध उभं केलं.
डॉ. आर्डिस टोलेफ्सरूड. उद्घोषकाची जीभ
आडनावावर घसरली, नेहमीसारखी.
बाहेर नॉर्थ डकोटा, उणे बावीस.
आत पॉपकॉर्न, ट्रम्पेट,
आणि कॉन्फरन्सच्या माणसाच्या हातात काचेची ढाल.

मी दाराशी होतो, ओल्या टॉवेलांची गाडी धरून.
तो वाचत होता :
पदवी मिळवणारे खेळाडू शंभरात एक्केचाळीस होते,
बाईंच्या सोळा वर्षांत एकोणऐंशी झाले.
लोक उभे राहिले. मीही राहिलो असतो,
पण मी उभाच आहे, एकतीस वर्षं.

आकडे खरे असतील. मी आकड्यांतला नाही.
मी डेल्बर्ट, जर्सी धुणारा.
माझ्याकडे गवताचे डाग येतात, रक्ताचे येतात,
आणि एकदा आला, ट्रॅकपँटच्या खिशातून,
लगदा झालेला कागद :
रसायनशास्त्र, शंभरपैकी एकोणीस.

तो इओआने फालेआफाचा. पागो पागोहून आलेला पोरगा,
दारातून आत शिरताना आडवा व्हायचा.
पहिला बर्फ जिभेवर घेऊन म्हणाला होता,
मीठ नाही यात.
मी तो लगदा ड्रायरवर वाळवला, इस्त्री फिरवली,
आणि का कोण जाणे,
तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला
बाई खाली आल्या, पायात बर्फाचे बूट, हातात अंड्यांचा ट्रे.
म्हणाल्या, डेल्बर्ट, अख्ख्या इमारतीत
या वेळी एवढीच खोली उबदार असते.
मग ते दोघं बसले, टोपल्या पालथ्या घालून.
हे डझन, बाई म्हणाल्या. बारा म्हटलं की बारा,
अंडी असोत नाहीतर हत्ती.
तसंच मोल. फक्त जरा मोठं,
सहाच्या पुढे तेवीस शून्यं.
एवढे कण मोजतं कोण? इओआनेनं विचारलं.
कोणीच नाही. एक एक मोजून मोल कळत नाही,
म्हणून तराजूत घालतात,
आणि विश्वास ठेवतात.

तेवढ्यात तिसरं मशीन पिळायला लागलं,
भिंत थरथरली, ट्रेमधली अंडी कुजबुजली.
नऊ आठवडे चाललं हे.
मोल म्हणजे नेमकं काय, मला अजून कळलेलं नाही,
पण त्या नऊ आठवड्यांत
मी एकही अंडं विकत घेतलं नाही.

आता त्या माणसानं न वाचलेलं.
पोहण्याचा संघ बाईंनीच बंद केला,
एका मंगळवारी, सव्वाचार वाजता.
रिकाम्या तलावात आता घडीच्या खुर्च्या रचतात,
आजच्या खुर्च्याही तिथूनच काढल्या.
माझ्या गाडीतले बावीस टॉवेल कमी झाले.
कॉरिन व्हिटबेक टोपी परत करायला आली,
सही कुठे करू, म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच.
तिनं राहू दिली नाही.

सामना हरलो, चार गुणांनी.
रात्री दहाला जिन्यावर बूट वाजले.
बाईंनी ढाल ड्रायरवर ठेवली,
टोपली पालथी घातली, बसल्या.
कॉरिन कुठे असते रे हल्ली?
माहीत नाही, म्हटलं.
मलाही नाही. ती एकोणऐंशीत नाही, डेल्बर्ट.
उरलेल्या एकविसातही नाही.
संघच नाही, तर मोजणार कशात?

मी मोज्यांच्या जोड्या लावत राहिलो.
तिसऱ्या मशीननं पिळायला घेतलं,
आणि काचेची ढाल, थरथरत, थरथरत,
ड्रायरच्या कडेपर्यंत चालत गेली.
दोघंही नुसते बघत होतो.
शेवटी बाईंनीच हात पुढे केला,
ढाल मोज्यांच्या ढिगावर आडवी टाकली.
उठताना म्हणाल्या, उद्या अंडी आणते.
लांब उडीवाली एक नवी मुलगी आहे,
संख्याशास्त्रात अडकलीय.
साडेपाचला. आणि हे मशीन
दुरुस्त करून घेऊ नकोस.