धूळ

चार डिसेंबर. झाबझे. सकाळचे सात, अजून अंधारच.
रस्त्यावर खाणवाल्यांचा बँड निघालाय,
टोप्यांवर पिसांचे तुरे, ट्रंपेटच्या तोंडी वाफ.
आज संत बार्बराचा दिवस,
जमिनीखाली उतरणाऱ्यांची ती राखणदार.
इस्पितळाच्या तळघरात, म्हणजे तशी मीही जमिनीखालीच,
एक छाती उजळत बसलेय.

छाती अलोइझी मोरावियेत्स यांची. वय एकाहत्तर.
सव्वीस वर्षं कोळसा.
स्कॅनरच्या फळीवर आडवं होताना त्यांनी एवढंच विचारलं,
दुपारपर्यंत सुटेन ना? कबुतरांना दाणे घालायचेत.
श्वास धरा म्हटलं. धरला.
सोडा म्हणायला मीच विसरले क्षणभर,
त्यांनी कुरकूर केली नाही.

किरण कमीत कमी टाकायचे, हा आमचा नेम.
पण कमी किरणांचं चित्र रव्यासारखं खरखरीत येतं,
मग माझं जाळं ते सुपात घेतं, पाखडतं,
फोल उडवतं, दाणा ठेवतं.
तीन वर्षं शिकवलं त्याला.
खरखरीत चित्र एका हाताला, स्वच्छ दुसऱ्या हाताला,
अशा अकरा हजार जोड्या.
चुकलं की आकड्यांनी कान पिळायचा,
कमी चुकलं की कमी.

आणि ते शिकलं. असं शिकलं
की दुसऱ्या सेकंदाला मोरावियेत्स यांची छाती
धुतलेल्या काचेसारखी समोर,
पानगळीनंतरच्या झाडासारख्या फांद्या, उपफांद्या,
कुठे म्हणून डाग नाही.
खरं सांगते, मी टाळी वाजवली. एकटीच.

डॉक्टर टेक्ला शोल्तिसेक आल्या,
ओव्हरकोटावरचं बर्फही झटकलं नव्हतं.
"कुणाची?"
नाव सांगितलं.
बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
"हा माणूस सव्वीस वर्षं काय समुद्रावर होता?"

समुद्रावर.
माझ्या अकरा हजार जोड्या ग्दिनियाच्या.
तिथल्या शिक्षिका, टपाल कारकून, बंदरावरचे हिशेबनीस,
खारी हवा भरलेली फुप्फुसं.
माझ्या जाळ्यानं कोळसा जन्मात पाहिला नव्हता.

मूळ चित्र उघडलं. खरखरच खरखर.
आणि त्या खरखरीत, वरच्या अंगाला, दोन्हीकडे,
खसखशीएवढे, काही बाजरीएवढे ठिपके.
टेक्ला पेन्सिलीच्या टोकानं मोजू लागल्या.
चौदावर थांबल्या.
"एकेका पाळीची हजेरी लागलीये इथे,
त्यावर पेन्शनचा कागद हलतो, पोरी.
तू मस्टरच कोरं केलंस."

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
मी उगाळून पांढरा केला होता.
धूळ काढता काढता
डोळ्यांत धूळ फेकली होती,
आधी माझ्याच.

बाहेर बाकावर ते शर्टाची बटणं लावत होते,
एकेक, चुकवत, पुन्हा लावत.
डाव्या भुवईवर निळसर व्रण,
दगड लागला असेल, जखमेत भुकटी राहिली असेल,
कोळशानं गोंदल्यासारखा.
"फोटो चांगला आला का?"
फार चांगला आला, मी म्हटलं, म्हणून पुन्हा बघतोय.
ते हसले, हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं पुन्हा हसणं.
"लग्नाचाही फार चांगला आला होता.
फोटोवाल्यानं हे निळं पुसून टाकलेलं.
बायको म्हणाली, हा कोण?"

खाली येऊन नवा फोल्डर उघडला.
खरखरीत चित्र ठेवलं. जोडी क्रमांक एक, अर्धी.
उरलेल्या अर्ध्यासाठी स्वच्छ चित्र हवं,
म्हणजे जास्त किरण, या छातीवर,
आणि ते नुसतं माझ्या जाळ्याच्या शिकवणीसाठी मागायचं
तर त्यांना नीट समजावून विचारायला हवं.
बँड परतत होता, खिडकीची काच थरथरत होती.
वर गेले. समजावलं. विचारलं.
घड्याळाकडे बघत ते म्हणाले,
आधी कबुतरं.