एकाचे शंभर

लष्करच्या दवाखान्यात रात्री दोनला थर्मामीटर फुटलं.
रामकली झाडू घेऊन धावली.
"थांब गं, झाडलंस तर एकाचे शंभर होतील."

ग्वाल्हेरच्या जानेवारीत खिडक्या सताड उघडल्या,
बांगड्या काढून ठेवल्या,
आणि जुन्या एक्स-रेच्या तुकड्यानं
थेंबाकडे थेंब लोटत बसले,
कुणाच्या तरी फासळ्यांवरून.

शिकाऊ होतो तेव्हा हाच पारा तळहातावर नाचवायचो.
मालू गद्रेची साखरपुड्याची अंगठी पांढरी पडली
तर केवढ्या हसलो होतो!

ड्रॉपर. बाटलीत पाणी. घट्ट बूच.
चिठ्ठीवर तारीख, सही.
कपाटात आता अशा अकरा.
न्यायला येतो म्हणाले होते, दिवाळीच्या आधी.

सात नंबरचं पोर कुशीवर वळतं,
"सिस्टर, मग माझा ताप किती होता?"