पानसेंची शिडी

आमच्या गल्लीत शिडी एकच.
अ‍ॅल्युमिनियमची, बारा पायऱ्यांची,
तिसऱ्या पायरीला सुतळी गुंडाळलेली,
बाजूला लाल ऑइलपेंटनं: वि. ग. पानसे, प्लॉट ९.
'ग'चा काना ओघळून तसाच वाळलेला.

सहकारनगरात आम्ही राहायला आलो
तेव्हा तळजईच्या बाजूला पुढं रस्ता कच्चाच होता,
पहाटे मोर ओरडायचे,
आणि चौथ्या दिवशी पडदे लावायला शिडी लागली.
"पानसेंकडे मागा," समोरच्या टिपणीसबाई म्हणाल्या.
"देतात ते. फक्त वेळ विचारतात."

विचारली.
मी म्हटलं, पाच.
पाच वाजून दहा मिनिटांनी ते फाटकाशी.
रागावलेले नव्हते.
"सहाला ओसवालांना हवीय. चोक गेलाय त्यांचा."

टिपणीसांची टाकी, शेख सरांची पपई,
पत्र्यावर अडकलेलं कुणाचं तरी मांजर.
शिडीबरोबर पानसेही यायचे, खालून धरायला.
त्यामुळं गल्लीतलं प्रत्येक छत त्यांनी मान वर करून पाहिलेलं,
कुठं ओल, कुठं भेग,
कोणाच्या माळ्यावर अजून पाळणा बांधून ठेवलाय.
बोलले नाहीत कधी कुणाजवळ.

मला त्यांच्या शिंका माहीत होत्या. ओळीनं सात.
स्कूटर तिरकी करून सरळ केल्याचा आवाज,
सव्वापाचला पंप, साडेपाचला बंद,
शनिवारी कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त.
पहिलं नाव माहीत नव्हतं.
विचारायचं तरी कसं, वीस वर्षं झाल्यावर?

मग आमच्या शेवग्याचे सुरवंट भिंत ओलांडून
त्यांच्या वाळत घातलेल्या बनियनमध्ये गेले.
ते काय बोलले, मी काय बोलले,
दोन्ही आता सांगण्यासारखं नाही.
दीड वर्ष आम्ही एकमेकांना ओलांडून
रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं दूध आणलं.
शिडी मात्र यायची, जायची.
टिपणीसांचा मुलगा खांद्यावरून आणून टाकायचा.
तिचं माझं काही भांडण नव्हतं.

प्लॉट ९ बिल्डरकडे गेला तेव्हा ती आमच्याकडेच होती,
दिवाळीच्या जळमटांसाठी आणलेली.
मी ओढत घेऊन गेले. टेम्पो भरत होता.
सोफा उलटा, त्याच्या पायांत कढया.
पानसे म्हणाले, "असू द्या.
लेकीकडे वाकडला अकरावा मजला. तिकडे माणूस येतो."
आणि पहिल्यांदाच
परत कधी, ते विचारलं नाही.

महिन्याभरानं त्यांचं विजेचं बिल चुकून आमच्या पेटीत.
विश्वंभर गजानन पानसे.
ओट्याशी उभी राहून मी मोठ्यानं वाचलं.
आतून हे म्हणाले, "कोण?"

आता तिथं निळे पत्रे. दिवसभर खडीचा आवाज.
वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी, लातूरची, ऋतुजा,
परवा खाली आली, "काकू, ती पानसे आहे का हो? बल्ब लावायचाय."
तिला वाटतं, पानसे म्हणजे शिडीची कंपनी.
मी काही सुधारलं नाही.
सुतळी सैल झाली होती, ती आवळून दिली,
आणि तोंडातून गेलंच, "किती वाजता परत?"

शेवगा यंदा भरपूर आलाय. सुरवंटही आलेत.
पत्र्यापलीकडून तक्रार नाही.
बांधकामावरची एक बाई तेवढी
भाजीला पाला मागते, डोकं पत्र्याच्या वर काढून.
कशावर उभी राहते कोण जाणे,
विटांवर असेल.
हलतं ते. मला इथून दिसतं, तिचं डोकं हलतं.