नऊचा खेळ

पोस्टरपाशी सिकंदर तडवी थबकला.
"हाई गाडी मनी शे," म्हणाला.
पिवळी, बॉनेटवर काळे दोन पट्टे.
भुसावळला जामनेर रोडवर माझं गेम पार्लर होतं,
चार मशिनी, एक पंखा,
पाच रुपयांत वीस मिनिटं.
चोपड्याहून मामाकडे आलेला हा पोरगा
हीच गाडी घ्यायचा, तासभर थांबावं लागलं तरी.

आता त्या गेमचा सिनेमा आलाय.
पार्लरच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात
अन् सिकंदर केळीचा ट्रक चालवतो,
सावदा ते दिल्ली. माल कच्चा भरायचा,
पिकायच्या आत पोचायचं.

तिकिटं त्यानंच काढली. नऊचा खेळ.
बाल्कनीत आम्ही धरून अकरा जण.
गाड्या सुटल्या तशी खालची पोरं ओरडली,
अगदी तसंच, माझ्या मशिनींभोवती ओरडायची तसं.
समुद्राकाठच्या रस्त्यावर हिरो दोनशेच्या पुढे.
सिकंदर कानाशी आला,
"यास्ले टोल नही लागत का भो?"
थोड्या वेळानं, "मांगे माल काय शे?"
मी म्हटलं, काही नाही, रिकामीच आहे.
"मंग इतली घाई कसानी?"

हसता हसता वळण आलं
आणि माझी खुर्ची हलली.
खाली पाहिलं. चप्पल काढून ठेवलेला
त्याचा उजवा पाय
शेंगांच्या टरफलांवर
जमीन दाबत होता,
दर वळणाला, हिरोच्या जरा आधी.

मग गाडी उलटली. चार कोलांट्या, जाळ.
पार्लरात अशा वेळी गाडी तीनदा लुकलुकायची
अन् परत रस्त्यावर, नवीकोरी.
इथंही हिरो धुरातून चालत आला,
केस विंचरल्यासारखे.
शिट्ट्या थांबल्या तरी सिकंदरचा पाय
दाबलेलाच.
बिजासन घाटात त्याच्या शेजारी कोण बसलेलं होतं
मला ठाऊक आहे. ते नाव आम्ही घेत नाही.

मशिनी विकल्या त्या दिवशी भंगारवाला
बटणांवरून अंगठा फिरवत होता.
सगळ्यांवरची अक्षरं झिजून गेलेली,
ब्रेकचं तेवढं कोरं करकरीत.
"हे काय चालत नव्हतं का?"
चालत होतं, म्हटलं.

टाकीजबाहेर ट्रक उभाच होता.
त्यानं ताडपत्रीचा दोर ओढून पाहिला,
चपला सीटखाली सारल्या,
निघाला.
फैजपूरच्या अंगाला, जिथं रस्ता
जेमतेम कलतो, वळण म्हणवत नाही असा,
तिथं दोन लाल दिवे लागले.
बराच वेळ लागून राहिले.