अंगठा जुळत नाही

चौतीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
मोजणाऱ्या वेगळ्या, आम्ही तपासणाऱ्या.
कागद उजेडाला धरायचा, जलचिन्ह बघायचं,
धागा सलग आहे का, आकडा घसरलाय का,
शाई कुठे पुसटलीय.
खराब शीट दिसली की तिच्यावर खूण,
मग ती गेलीच.
संध्याकाळी गेटवर आमचीच झडती,
डबासुद्धा उघडून दाखवायचा.
एकदा लिंबाच्या लोणच्याचा खार
झडती घेणारीच्या बाहीला लागला.
ती हसली, मी हसले,
दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा उघडला तिने.

त्या कागदाने बोटं खाल्ली माझी.
कळलं निवृत्तीनंतर. रेशनच्या दुकानात
अंगठा ठेवला, मशीन नाही म्हणालं.
पदराला घासला, पुन्हा ठेवला.
'जुळत नाही, काकू.'
जेलरोडच्या बँकेत तेच.
तिथला पोरगा माझं बोट दिव्याखाली धरून म्हणाला,
रेषाच राहिल्या नाहीत हो.

आणि मग एका दुपारी तो फोन.
'इंदुमती रामनाथ गायधनी?'
पूर्ण नाव. यांचंही चुकलं नाही.
पेन्शन कुठल्या तारखेला जमा होते, तेही ठाऊक.
मशीनने जिला सहा वेळा नाकारलं
तिला या माणसाने पहिल्याच वाक्यात ओळखलं.
खरं सांगते, मला बरं वाटलं.
अंगठ्याचा त्रास आहे ना तुम्हाला, तो म्हणाला,
केवायसी घरबसल्या करून देतो,
मेसेजमध्ये आकडे येतील, तेवढे वाचा.
मी वाचले.
सहाच्या सहा, एकेक, स्वच्छ,
नंबर तपासताना टेबलावर वाचायचो तसे.

एकेचाळीस हजार आठशे.

१९३० ला फोन केला तो दुसऱ्या दिवशी.
मधली रात्र लाजेत गेली,
तीच सगळ्यात महाग पडली.
सायबरच्या ठाण्यात शिपाई म्हणाला,
तक्रारीला आधारची झेरॉक्स जोडा.
मला हसू आलं. त्याला वाटलं, धक्का बसलाय.

लोक विचारतात, तुम्ही कशा फसलात, तुम्ही तर प्रेसवाल्या.
मी म्हणते, पंचवटीतसुद्धा एकजण
भिक्षेकरी होऊन आला होताच की,
त्याला तरी कुणी उजेडाला धरलं?
आणि विषय बदलते.
आवाजाला जलचिन्ह कुठे असतं
हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

आता झेरॉक्स देते ती आडवी लिहून.
'फक्त गॅस कनेक्शनसाठी', तारीख, सही,
अक्षरं नंबरावरून चालत जातील अशी.
दुकानदार म्हणतो, खराब केलीत की काकू.
खराबच करायची. खूण केलेली शीट
बाजारात चालत नाही.
अंगठाही लॉक केलाय, मोबाइलवर, चष्मा लावून, मीच.
नसलेल्या रेषांना कुलूप.

परवा अनोळखी नंबर.
'आत्या, मी सुदाम. फोन गोदेत पडला,
हा नवा नंबर. जरा पाच हजार टाकतेस का?'
म्हटलं, थांब.
प्रेसच्या गेटवर माझी वाट बघत
काय खायचास तू?
'शेंगा.'
चूक. बोरं. खिसे फाटेस्तोवर.
पण चुकल्यावर त्याने जिभेने 'च्' केलं
थेट माझ्या भावासारखं.
तिथे धागा लागला बोटाला.

तरी फोन ठेवला,
आणि त्याच्या बायकोच्या जुन्या नंबरवर लावला.
'हो, तेच आहेत,' ती म्हणाली,
'इथेच बसलेत. रुसलेत.'