पंप न लागणारी विहीर

पंप नाही, ओरेलियन मूतोंने घरी सांगितलं,
पंप लागतच नाही.
व्हॉल्व्ह फिरवला की आपणहून वर येतं.
क्लोतील कोळंबी सोलत होती.
म्हणाली, रागावलेलं असणार.

लुइझियानाच्या त्या दलदलीखाली,
पंधरा हजार फुटांवर,
पाणी उकळायचं विसरलंय, इतकं ओझं.
इंजिनियर नकाशावर बोट ठेवून म्हणाला:
नदीने गाळ टाकला घाईघाईने,
वाळूतल्या समुद्राला निसटायला वाट उरली नाही,
मग वरचा डोंगरभर चिखल
थोडा वाळूने पेलला,
थोडा पाण्याने.
ओरेलियनला हे लगेच कळलं.
सात भावंडांतला तो थोरला.

रात्रपाळीला तो गेजची काच रुमालाने पुसायचा,
दर तासाला आकडा लिहायचा.
हात लावू नये असा पाइप,
समुद्राहून कितीतरी खारट पाणी,
आणि दाब सुटताच
सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून
वेगळा होणारा वायू.
तो चिमणीच्या टोकाला जळायचा.
भातखाचरातल्या बेडकांना
वर्षभर चांदणं.

उष्णता, दाब, वायू,
एका भोकातून तीन मिळकती,
साहेब पाहुण्यांना सांगत.
पाइपात साचणाऱ्या पांढऱ्या पुटाबद्दल
पाहुणे विचारत नसत.
ते छिन्नीने फोडायचं काम ओरेलियनचं.
एक कपची त्याने खिशातून आणली,
क्लोतीलने ती खिडकीत ठेवली,
शिंपल्यांशेजारी.

विद्यापीठातली एक पोरगी दर महिन्याला यायची,
गुडघाभर चिखलात तिपाई रोवून
जमीन खचते का मोजायची.
खचते की, क्लोतील म्हणाली,
माझ्या आजोबांच्या आधीपासून खचतेय.
पोरगी हसली. वहीत लिहिलं नाही.

मग तेल स्वस्त झालं.
कुठे, कुणी केलं, ठाऊक नाही.
एक पत्र आलं, एक सिमेंटचा ट्रक आला,
आणि दुपारी चारला
विहिरीच्या तोंडावर ओरेलियनच्या समोर
पत्र्याची पाटी ठोकली. नुसता क्रमांक.

आणि ते पाणी? क्लोतीलने विचारलं.
आहे तिथेच.
तेवढंच गरम?
तेवढंच.

अजून पहाटे तीनला त्याला जाग येते.
ओसरीवर उभा राहून तो
ज्योत असायची त्या बाजूला बघतो.
बेडूक काळोखात ओरडत असतात.
काही वेळाने तो आत येतो,
पाय न वाजवता.