उजवी बाजू

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड संपला.
हेडलीने होडी पालथी घातली
आणि दोन हिवाळे खिडकीशी काढले.
ना जाळ्याला हात, ना चर्चची पायरी.

मग व्हायोला आली, सेवामंडळाची यादी घेऊन:
लिअँडरला आता दिसत नाही,
मंगळवारी, शुक्रवारी डायलिसिस,
जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर बर्फ.

गाडीत दोघे भांडतात,
तेव्हाचं ते वल्हं कोणी हरवलं.
थर्मास एक, पेला एक.

परवा मशीनच्या घरघरीत हेडली वाचून दाखवत होता:
रात्रभराची रिकामी जाळी, पहाट,
आणि काठावरून कुणीतरी म्हणतंय, उजवीकडे टाका.
‘तुला उजवं-डावं कधी कळलं रे?’
लिअँडर हसला.

परतताना अंधारलं.
उजव्या सीटवर
तोंड उघडं टाकून तो झोपलेला,
आणि हेडली
खड्डा दिसला की
हळू होतो.